ओळखीचे पाहुणे

दारातल्या माणसाच्या गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र होतं, पण सिस्टरांच्या नवऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "आलास? किती वाळलास रे," म्हणत त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं.

अधिकारी गोंधळला. दवाखान्यातली नोकरी संपली तरी साऱ्या इमारतीसाठी सिस्टरच राहिलेल्या त्या बाईंनी त्याला हळू आवाजात सांगितलं, की मुलगा अपघातात गेला आणि मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. मुलाची खोली खायला उठायची, म्हणून त्या ती प्रवाशांना दोन-चार दिवसांसाठी देऊ लागल्या. पहिलाच तरुण पाठीवर पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि ह्यांना वाटलं, मुलगा आला. त्या पोराला भाषा कळत नव्हती, तरी तो हसून शेजारी बसला. तेव्हापासून मुलगा सारखा घरी येत होता. कधी उंच, कधी दाढीवाला, एकदा तर चक्क टकला. ह्यांनी कधी हरकत घेतली नाही.

अधिकारी हसला आणि लगेच सावरला. मग त्याने नवा नियम सांगितला. राहत्या इमारतीत अशी चार दिवसांची भाडी आता बंद. जिन्यात अवेळी बॅगा आपटतात, म्हणून खालच्यांनी तक्रार केली होती. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांच्या घरात तान्हं बाळ होतं.

"पैसे नाही घेतले तर?" सिस्टरांनी विचारलं.

"अनोळखी माणसं नकोत, एवढंच आहे, मावशी. ओळखीचे पाहुणे कितीही दिवस राहू देत."

"ओळखीचं आता राहिलंय कोण?"

 तेवढ्यात आतून ह्यांची हाक आली, आधी जेवून घे म्हणून. अधिकारी निमूटपणे पानावर बसला आणि वाढलेलं सगळं संपवलं. निघताना "परत कधी?" या प्रश्नावर तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला.

"येतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर कुणीच आलं नाही. एका संध्याकाळी ह्यांनी खुर्ची दाराजवळ ओढली.

"उशीर होतोय वाटतं त्याला."

"होतोय खरा," सिस्टर म्हणाल्या.

"मग तू जेवून घे. दिवसभर उभी असतेस. मी थांबतो."

सिस्टरांनी आपल्यापुरतं वाढून घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसल्या.