दुसरी हाक

"मॅडम, तुमाले हॉलात बोलावून राह्यले," दवाखान्यातली सफाईवाली वच्छलाबाई दारातूनच म्हणाली. "स्वागतगीताची पॅक्टिस आहे म्हन्ते."

"आत्ता नाई जमत मावशी. काम चालू आहे."

"कायचं काम?" वच्छलाबाईनं मान आत घालून पाहिलं. "पेटी तं बंद आहे तुमची!"

पेटी बंद होती, हे खरंच. जागृतीच्या हातात सुलोचनाबाईंचा डावा हात होता, आणि त्या हातानं ती टेबलावर हलक्या थापा देत होती. एका थापेला एक अक्षर. आणि अक्षर बोलायचं नाही बरं का, गायचं. पाऽ-णीऽ. चाऽ-द्याऽ. सुलोचनाबाईंची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यानं लुळी पडली होती आणि त्याच दिवशी वाचाही गेली होती. समजत सगळं होतं, डोळ्यांत सगळं होतं, ओठांवर मात्र काही येत नव्हतं. पण बोलण्याची वाट बंद पडली तरी सुराची वाट पुष्कळदा उघडी राहते. जागृती रोज त्या वाटेनं थोडं थोडं पुढे जात होती. पाणी आलं होतं, चहा आला होता, "नको"सुद्धा आला होता, तोही चांगला ठसक्यात.

"आता हे तुमाले काम वाटत नाई का मावशी?" जागृतीनं विचारलं.

"मले वाटून काय उपेग? भैय्याजीले वाटलं पाह्यजे," असं म्हणून वच्छलाबाई बादली खडखडवत निघून गेली.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भैय्याजी म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. ते आज दुपारी येणार होते. नवी मशीन पाहणार, हॉलमध्ये भाषण देणार, आणि जाता जाता जागृतीची जागा ठेवायची की महिनाअखेर बंद करायची हेही ठरवणार होते.

जागृती मूळची हिंगणीची. विहारात वंदना म्हणता म्हणता तिचा गळा तयार झाला आणि पुढे पुण्याला जाऊन ती संगीतोपचार शिकली. वर्ध्यात ही जागा मिळाली तेव्हा तिच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. पण पोरगी दवाखान्यात नेमकं करते काय, असं कोणी विचारलं की आई "दवाखान्यातच आहे" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. आईचं तरी काय चुकलं? दवाखान्यातच कोणाला धड माहीत नव्हतं. पेंटरनं पाटी करून आणली ती 'संगीतोपहार कक्ष' अशी! दोन दिवस लोक समोसे मागायला येत होते. वॉचमननं तर विचारलंच, "मॅडम, कॅन्टीन कवा उघडता?" शेवटी ती पाटी उतरवली आणि जुनी 'मनोरंजन कक्ष' होती तीच परत लावली. आधी या खोलीत कॅरम चालायचा. तो बोर्ड अजून भिंतीला टेकून उभा होता.

त्यावरही जागृती हसायची. ओपीडीतला एखादा म्हणायचा, "मॅडम, माहं डोकं लई दुखते, एखादा राग सांगा." नर्सच्या भाच्याचं बारसं असलं की, "जागृती, तू येच हं, तुझी पेटी घेऊन." आणि पाहुणे आले की स्वागतगीत. दवाखान्यात कोणीही पाहुणा येवो, जागृतीला सेशनमधून उठवून माइकसमोर उभं करायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एक्स-रे काढणाऱ्याला कधी कोणी पाहुण्यांचे फोटो काढायला बोलावलं नव्हतं.

डॉक्टर धीरज तिच्या बाजूचे होते. पण माणूस व्यवहारी.

"हे बघ," त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. "भैय्याजींना डोळ्यांनी काहीतरी दिसलं पाहिजे. सुलोचनाबाईंना नवऱ्याचं नाव घ्यायला शिकव. बाईनं तीन महिन्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, की भैय्याजी विरघळलेच म्हणून समज. आणि नाहीच जमलं तर निदान स्वागतगीत झकास म्हण. तेवढंच लक्षात राहील त्यांच्या."

म्हणून जागृती सकाळपासून नावाच्या मागे लागली होती.

"चला काकू. हीऽ-राऽ-लाल." थाप, थाप, थाप.

सुलोचनाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि भिंतीला टेकलेल्या कॅरमबोर्डाकडे पाहिलं.

"हीऽ-राऽ..."

काही नाही. पाणी म्हणणारी, चहा म्हणणारी, ठसक्यात "नको" म्हणणारी बाई नावाशी आली की दगड. तपासणीच्या वेळीही असंच झालं होतं. नवऱ्याकडे बोट दाखवून "हे कोण? नाव सांगा," असं विचारलं की त्या गप्प, आणि तपासणारा मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळायचा.

हिरालालजी शेजारच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. देवळीला त्यांचं कापडाचं दुकान. झटका आल्यापासून त्यांनी दुकान मुलावर टाकलं आणि बायकोच्या हातभर पलीकडे ते कधी गेले नाहीत. तिनं मान वळवायच्या आत पाणी समोर, कूस बदलायच्या आत उशी सारखी. आत्ता मात्र ते गालातल्या गालात हसत होते.

"काका, हसता काऊन?"

"अवं पोरी, ते माहं नाव घेईन का कधी? लग्नात बायांनी दार अडवलं तवा घेतलं एकदा. तेही असं पुटपुटली का मलेच आइकू नाई आलं!"

जागृतीचा हात थापेतच थांबला. तिच्या स्वतःच्या आजीनंही आजोबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, "सांग वं तू." आणि आपण सकाळपासून या बाईला काय म्हणायला लावतोय! पुण्याला शिकवलं होतं ते असं, की माणसाच्या रोजच्या तोंडात असतं तिथून सुरुवात करा.

"मग काकू तुमाले हाक कशी मारत?"

हिरालालजींनी आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी मान थोडी वाकडी केली, आवाज बारीक केला आणि एकदम सोडला, "अवोऽऽ, आइकलं काऽ?"

सुलोचनाबाईंचं पोट हलायला लागलं. त्या हसत होत्या! अर्धाच चेहरा हसत होता, पण पोट पूर्ण हसत होतं.

"अस्संच!" हिरालालजींना आता चेव चढला. "घर दुकानाच्या मागं आहे नं आमचं. ते सैपाकघरातून हाक मारे, मी इकडं गिऱ्हाइकापाशी. पहिल्या हाकेले मी आइकलंच नाई असं करो. पहिल्या हाकेले ओ देल्ली का कामच सांगते. दुसऱ्या हाकेले आवाज चढे तिचा. तवा उठाचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंच चाललं आमचं."

बोलता बोलता ते थांबले. मांडीवरच्या डब्याचं झाकण त्यांनी उगाच दाबून पाहिलं. "आता दुकानात बसलो असतो तरी काय आइकू येणार होतं?" ते म्हणाले.

जागृतीनं पेटी ओढली. 'अवो' वर पंचमावरून सुटत होतं आणि 'आइकलं का' पायऱ्या उतरत खाली षड्जावर येऊन टेकत होतं. तयार चाल होती की ही! तिनं हात धरला, थाप दिली, गायली. "अऽ-वोऽ..."

सुलोचनाबाईंचे ओठ उघडले. ओठ उघडेच राहिले, नजर शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे गेली, आणि ओठ मिटले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ओठ उघडायचे, त्या नवऱ्याकडे पाहायच्या, ओठ मिटायचे.

तेवढ्यात व्हरांड्यात बुटांचे आवाज आले. भैय्याजी दुपारचे होते ते सकाळीच उगवले होते.

भैय्याजी माणूस वाईट नव्हता. त्यांनी सुलोचनाबाईंना वाकून नमस्कार केला, हिरालालजींना दुकान कसं चाललंय विचारलं. मागे डॉक्टर धीरज होते, त्यांच्या मागे ट्रस्टची चार माणसं.

"तं मॅडम, दाखवा आमाले तुमची जादू," भैय्याजी म्हणाले.

"जादू नाही सर. उपचार आहे."

"तेच म्हन्लं." ते सुलोचनाबाईंकडे वळले. "बाई, हे कोण बसले तुमच्यापाशी? यायचं नाव काय?"

सुलोचनाबाईंनी डाव्या हातानं पदर पुढे ओढला.

"सर, त्या नाव घेत नाहीत," जागृती घाईनं म्हणाली. "म्हणजे आजारामुळे नाही. त्यांनी ते कधी घेतलंच नाही."

"मंग काय घेतात?"

आता मात्र जागृतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाताशी बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं? हाक मारायला माणूस लांब पाहिजे! आणि हिरालालजी तर तीन महिने हललेच नव्हते.

"काका, तुम्ही बाहेर जा. पार तिकडं, पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभे राहा. पाठ करून."

"मी? हिले सोडून?" हिरालालजी घाबरले.

"जा नं काका!"

ते गेले, दर दोन पावलांना मागे पाहत. सुलोचनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. खुर्ची रिकामी झाली. खोलीत सगळे उभे होते, कोणीतरी खोकलं, कोणाचा तरी फोन वाजून बंद झाला. जागृतीनं सुलोचनाबाईंचा हात हातात घेतला. तो मागे सरकायला बघत होता. पाच अनोळखी माणसांचे डोळे तोंडावर खिळलेले, आणि पदर अजून खाली येत होता. आपण जोरानं थाप दिली, चाल धरली, थोडं रेटलं, तर त्या म्हणतीलसुद्धा, हे जागृतीला कळत होतं. आणि त्यांना आत्ता ते नकोय, हेही हातातल्या हातानं कळत होतं.

तिनं हात अलगद टेबलावर ठेवून दिला आणि आपला काढून घेतला.

"थोडा वेळ लागेल सर."

भैय्याजींनी वाट पाहिली. अगदीच पाहिली नाही असं नाही. मग घड्याळ पाहिलं. "राहू द्या. बाईले त्रास नको. पेशंटचं मन रमते, हेही काई कमी नाई." आणि बाहेर पडता पडता डॉक्टरांना म्हणाले, "पण मन रमवाले पगारी माणूस पाह्यजेच का, हा विचार करू आपण."

डॉक्टर धीरज मागे राहिले. "जागृती, चल. स्वागतगीत तरी म्हण. बाकीचं मी बोलायला बघतो."

"सर, काका बाहेर उभे आहेत. आता मी उठले तर हे इथंच तुटेल."

"आणि नाही आलीस तर मला बोलायला काहीच उरणार नाही."

"हो सर," ती म्हणाली. पण उठली नाही.

डॉक्टर निघून गेले. बुटांचे आवाज हॉलकडे विरले. खोलीत दोघीच. लांबून माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू आलं. जागृतीला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली. व्हरांड्याच्या टोकाला हिरालालजी सांगितल्यासारखे पाठ करून उभे होते. काही तरी करावं म्हणून त्यांनी पेला नळाखाली धरला होता.

मागून खुर्ची करकरली.

"अ... वो."

जागृती वळली नाही. जागची हललीसुद्धा नाही.

"आइ... कलं का."

बारीक होतं, मध्येच फाटलेलं होतं, पण पायऱ्या बरोबर उतरून षड्जावर टेकलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला हिरालालजींची पाठ ताठ झाली. पेला भरून पाणी त्यांच्या मनगटावरून वाहायला लागलं. त्यांनी ऐकलं होतं. शंकाच नाही. पण ते वळले नाहीत! तसेच उभे राहिले, गिऱ्हाइकापाशी उभे असल्यासारखे.

खोलीत टेबलावर फाडकन थाप पडली. ती जागृतीनं दिली नव्हती.

"अवोऽ! आइकलं का!"

"ओऽऽ," हिरालालजी म्हणाले. "येऊन राह्यलो नं, बाप्पा."

ते आले. पाण्याचा पेला तसाच हातात, अर्धी बाही ओली. बायकोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हं. काय काम आहे?"

सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं. काम काय होतं ते सांगायला शब्द नव्हते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि अर्धं तोंड हसलं.

"काईच नाई? मंग बोलावलं काऊन?"

तेवढ्यात वच्छलाबाई धापा टाकत दारात आली. "मॅडम, मोबाइलवर गाणं लावलं त्यायनं, तेही अर्ध्यात बंद पडलं. भैय्याजी विचारून राह्यले, ते गाणारी पोरगी कुठं आहे म्हणून. काय सांगू?"

"सांगा, काम चालू आहे."

वच्छलाबाईनं एकदा सुलोचनाबाईंकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या कॅरमबोर्डाकडे. "म्या आइकलं," ती हळूच म्हणाली. "तिकडं जिन्यापर्यंत आलतं." आणि गेली.

हिरालालजींनी पेला टेबलावर ठेवला. खुर्चीकडे पाहिलं, पण बसले नाहीत.

"मी येतो मंग," ते बायकोला म्हणाले, आणि पुन्हा व्हरांड्यातून चालत गेले, पार फिल्टरपर्यंत, आणि पाठ करून उभे राहिले.