तीट लावलेली किनार

मी -a बोलतोय. बघा, नाव सांगितलं की लोक असेच गोंधळतात! महाल भागात राहणाऱ्या जयवंताबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम असतो. फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांगणारी ls नावाची आज्ञा आहे ना, तिच्या मागे लागून मी येतो. आमचं कुटुंब मोठं. -l प्रत्येक फाइलचा आकार नि तारीख सांगतो, -t नव्या फायली आधी मांडतो. सगळे गुणी! पण नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की ती वस्तू झाकून ठेवायची, हा आमच्या घरचा रिवाज. ते झाकलेलं उघडून दाखवायचा मान माझा.

जयवंताबाई याच कॉम्प्युटरवर साड्यांच्या किनारींची नक्षी काढतात. आजवर दुसऱ्यांच्या नक्षीची नक्कलच त्यांच्या वाट्याला आली. यंदा त्यांनी स्वतःच्या मनातली पळसफुलं काढली आणि कामठीच्या भैयाजींनी ती किनार आपल्या पॉवरलूमवर विणायचं कबूल केलं. शेजारणींनी तोंड भरून कौतुक केलं. त्या गेल्यावर बाईंनी कॉम्प्युटर बंद करता करता त्या नक्षीच्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिलं.

सकाळी फोल्डर गायब! त्यात भैयाजींचा फोन. "बाई, माग रिकामा आहे. दुपारपर्यंत नक्षी नाही आली तं मी जुनीच किनार लावून देतो."

इंजिनीअरिंगला असलेली पुतणी रितिका धावत आली. "काकू, तुम्ही रडून काहून राहिल्या?"

"इथंच होती वं पोरी! माझी पहिली किनार गेली."

रितिकानं आधी नुसतंच ls लिहिलं. मग -l ला बोलावलं. तो बिचारा जे दिसत होतं त्याचंच मोजमाप सांगत बसला. माझा जीव तुटत होता, पण बोलावल्याशिवाय बोलायचं नाही ही आमची शिस्त. शेवटी तिनं मला हाक मारली आणि मी फोल्डर समोर ठेवला, टिंबासकट.

"हे टिंब कोणी दिलं, काकू?"

"मीच. साऱ्या बाया वाखाणून राहिल्या होत्या, म्हणून तीट लावली. कोणाची नजर नको लागायले."

रितिका हसत सुटली. "इतकी पक्की तीट, की तुमचीच नजर पोचली नाही!"

टिंब निघालं, नक्षी वेळेत कामठीला गेली. या यंत्रात मोठमोठ्या आज्ञा आहेत, पण बाईंचं हसू मी परत आणलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. लपवणं माझ्या स्वभावातच नाही. तुमचंही काही हरवलं तर रडण्याआधी मला एकदा बोलावून बघा.

परवा पहिली साडी घरी आली. पळसफुलांच्या रांगेत, अगदी टोकाला, बाईंनी सांगून एक काळा ठिपका विणून घेतलाय. तो बघायला कुणाला माझी गरज नाही. तरी मी तो माझाच मानतो.