धुरपताबाईचं कवेलू

माझ्या नाकावर राग असतो, असं वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतली आमची सगळी गल्ली म्हणते. असतो. पण यंदाच्या नाताळात जो आला तो नाकावर मावणारा नव्हता.

दहा वर्षांपूर्वी अशाच डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि अंकितचे बाबा, नागसेन, थायलंडला धम्मसहलीला गेलो होतो. तिथे नदीकाठी एक लहानसं विहार होतं, छताचं काम चाललेलं. तिथली रीत अशी, की दान देणाऱ्याने कवेलूवर, म्हणजे छताच्या कौलावर, नाव लिहायचं आणि ते कवेलू छतावर चढायचं. नाव आतल्या बाजूला, म्हणजे थेट बुद्धाच्या डोक्यावर. बाकीच्यांनी आपली, नातवंडांची नावं लिहिली. नागसेननी पांढऱ्या रंगाने आपल्या आईचं लिहिलं. धुरपता, वडनेर.

त्याला कारण होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोरवयात माहेरच्या गावी देवळाच्या छतासाठी डोक्यावर कवेलू वाहायच्या. दाराच्या अलीकडेच ते खाली ठेवायला लावायचे. छत झालं, पूजा झाली, पंगती उठल्या, आणि या बाहेरच.

नागसेन करोनात गेले. आत्याबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत, वडनेरलाच राहतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माह्यं नाव बुद्धाच्या छतावर हाये." यंदा मी अंकितबरोबर पुन्हा निघाले तेव्हा त्यांनी बजावलं, "माह्यं कवेलू पाहून येजो. तिथूनच मले फोनवर दाखवजो."

बस थांबली तेव्हा मला जागा ओळखू आली नाही. नदी दिसेना, इतकी दुकानं. विहाराच्या दारात माझ्या दुप्पट उंचीचं नाताळचं झाड, त्यावर बर्फ म्हणून कापूस चिकटवलेला, आणि लाल टोप्या घालून माणसं फोटो काढत होती. वर्ध्याच्या माणसाला कापूस दाखवता! पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे मनुस्मृती जाळल्याची आठवण काढतात. आणि मी इथे पांढरी साडी नेसून लाल टोप्या पाहत होते.

"काकू, अर्धा घंटा," आमचा सहलवाला रुपेश म्हणाला. "मंग मॉल."

"मॉलसाठी आली का रे मी इथं?"

मी आत जाऊन वर पाहिलं. सोनेरी पत्रे. नवेकोरे, चकचकीत. कवेलू एकही नव्हतं. रुपेशने एका तरुण भंतेंना विचारलं. त्यांनी हसून बाहेर कॉफीच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

जुनी कवेलू दुकानाच्या वाटेवर अंथरली होती. नावांची बाजू वर. थाई, चिनी, मराठी नावं, आणि त्यांवरून बूट, चपला, चाकांच्या बॅगा. मी वाकून एकेक बघत गेले. एका खुर्चीच्या पायाखाली धुरपता सापडली. रंग घासून गेला होता, तरी वाचता येत होतं. नागसेनचा 'ध' मला कुठेही ओळखू येतो.

मी पेटले. खुर्ची उचलून बाजूला फेकली. लोक वळून बघायला लागले.

"काकू, त्यायची पद्धत असंन," रुपेश कुजबुजला. "जुनं सामान कामात आनतात. आपलं दान त पोचलं ना?"

"नाव म्हंजे सामान होय का रे?"

अंकितने माझा दंड धरला. "आई, आजीले सांगून देऊ, छत नवं झालं, नाव वर तसंच हाये. तिले काय समजते?"

रुपेशचा नाही, त्या दुकानाचा नाही, या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. माझ्या पोटचा पोरगा. बापाने नाव लिहिलं आणि हा ते पुसायला निघाला. मी काही बोलणार तेवढ्यात त्याच्याच फोनवर वडनेरहून व्हिडिओ कॉल आला. शेजारच्या कौशल्याबाईंनी लावून दिला होता.

"दिसलं का वं?" आत्याबाईंचा चेहरा पडदाभर होता.

खोटं माझ्या जिभेवर आलं होतं, नाही कशाला म्हणू. पण मी फोन खाली धरला.

"हे खाली काऊन हाये?"

"आत्याबाई, त्यायनं छत नवं केलं. जुनं वाटेवर टाकलं."

"लोकं त्याच्यावरून चालून राह्यले?"

"हो."

"चपला घालून?"

"हो."

त्या पडद्याच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "मंग तू पाहत काऊन उभी हायेस? उचल."

मी वाटेवर बसले आणि नखांनी कडेची रेती उकरायला लागले. अंकित थोडा वेळ उभा राहिला, मग तोही खाली बसला. लाल टोपीतली दुकानातली पोरगी ओरडत आली. माझं तोंड पाहून परत गेली आणि एक कागदी पिशवी घेऊन आली. पिशवीवर दाढीवाला सांताक्लॉज. त्या सांताच्या पोटात बसून आत्याबाईंचं कवेलू नागपूर विमानतळावर उतरलं. मी पूर्ण प्रवासात रुपेशशी एक शब्द बोलले नाही.

वडनेरच्या आमच्या विहाराला स्लॅब आहे, कवेलू चढवणार कुठे? मी म्हटलं, बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवू, द्या, मी नेते. आत्याबाईंनी ऐकलं नाही. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर कवेलू. मान थरथरत होती, हात मात्र सुटला नाही. त्या पडतील म्हणून मी पुढे धावले आणि आधार द्यायला विहाराच्या दारातच दोन्ही हात पसरून उभी राहिले.

त्या थांबल्या. माझ्याकडे असं पाहिलं, की माझा राग त्यापुढे काहीच नव्हता.

"दारातून सरक," त्या म्हणाल्या. "मी आत जाऊन राह्यली."