पहिल्या थेंबाचा देव

बाबलीनं जन्मभर इतक्या थापा मारल्या होत्या की एक दिवस त्याला स्वतःबद्दलची एकच खरी गोष्ट हवी झाली, तर ती नेमकी त्याच्याकडे नव्हती.

गोव्यातल्या साखळीच्या बाजारात त्याचं मिक्सर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. वय अठ्ठेचाळीस, अक्कल अठराची, असं बायको म्हणायची, आणि तिचं तो फार मनावर घेत नसे, कारण अठराची असली तरी आहे म्हणते ना! तर त्याच्या मुलीचं, गौरवीचं, लग्न पेडण्यातल्या चांगल्या घरात ठरलं. साखरपुड्याला व्याही नितीनराव सोलकढीची वाटी हातात धरून म्हणाले, "पहिली पत्रिका तुमच्या कुळदेवाला ठेवाल ना? आम्हीही येतो. येत्या रविवारी, दोन गाड्या करून."

"या की!" बाबली छाती फुगवून म्हणाला. "आमचा देव म्हणजे काय सांगू! जागृत! आणि तुमच्याच पेडण्यात!"

कुठला देव, ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पेडणंसुद्धा व्याह्यांना बरं वाटावं म्हणून तोंडातून गेलं होतं.

त्याचा बाप तो नऊ वर्षांचा असताना गेला. आई त्याला घेऊन माहेरी साखळीला आली, तिथंच तो वाढला, आणि त्याच्या स्वतःच्या लग्नात पत्रिका मामाच्या देवाला ठेवून काम उरकलं होतं. कुणी कुळदेव विचारला की बाबली त्या दिवशी जो आठवेल तो सांगून मोकळा.

"मला आजवर पाच सांगितलेत," बायको विनिता भांडी घासता घासता म्हणाली. "एकदा तर तिरुपती. आता रविवारी दोन गाड्या घेऊन कुठं जाणार? आंध्रात?"

बाबली हसला. पण गौरवी हसली नाही. ती दारात उभी होती.

"पप्पा, ह्या एका बाबतीत थट्टा नको हां. मी त्या घरात जाणार. सासूनं विचारलं, तुझ्या माहेरचा देव कोण, तर काय सांगू? आज कुठला चालू आहे ते पप्पांना फोन करून विचारते?"

बाबलीच्या जिभेवर सहावा देव आला होता, तो त्यानं परत गिळला. थाप परत गिळण्याची ही त्याची पहिलीच वेळ, त्यामुळे तोंड कसं करायचं असतं तेही त्याला कळेना.

धागा एकच होता. त्याचा आजोबा दादू सर्वण गावच्या तावेर्नात बसायचा. तावेर्न म्हणजे पोर्तुगीज काळापासूनचं दारूचं दुकान: चार बाक, एक लाकडी कपाट, फेणीच्या काचेच्या बुधल्या आणि भिंतीत मुरलेला काजूचा वास. शुक्रवारी सकाळी बाबलीनं स्कूटर काढली.

गल्ल्यावर श्रीनाथ होता, मालक. बाबलीला बघताच त्यानं आत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं, "बघा, हाच तो! ज्याच्या आजोबानं पाखल्याला विहिरीत ढकललं, त्याचा नातू!"

पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. ही गोष्ट बाबलीचीच. पंधरा वर्षांपूर्वी, ह्याच बाकावर, पाऊण ग्लास हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, पोटात असताना, श्रीनाथला उल्लू बनवायला त्यानं ती रचली होती. दादूनं सार्जंटला विहिरीत ढकललं आणि रेड्यावर बसून नदी ओलांडली. रेडा आयत्या वेळी घुसडला होता.

"श्रीनाथ, ती थाप होती रे."

"कसली?"

"विहिरीची. मीच मारली. माफ कर."

श्रीनाथनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "तू त्या वेळी जन्मला होतास?"

"नाही, पण..."

"मग तुला काय माहीत? ती बघ विहीर." त्यानं मागच्या दाराकडे बोट केलं. खरंच विहीर होती आणि तिच्या कठड्याला चुन्यानं 'पाखल्याची विहीर' लिहिलेली पाटी टेकवलेली. "पर्यटक फोटो काढतात मरे तिथं! रेड्याचं नाव पण लोक विचारतात. मी सांगितलं, काळू."

बाबलीला मनापासून अभिमान वाटला आणि मनापासून लाज वाटली, आणि ही दोन्ही एकदम कधी वाटली नसल्यामुळे तो बाकावर बसला. आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला आलो, आणि इथं जो आहे तो सगळा आपणच पेरलेला. बरं, पीक तरी काय आलंय!

"तुझी आई आहे घरात?" त्यानं विचारलं. "तिनं माझा आजोबा बघितलाय ना?"

चंद्रावती मागच्या ओसरीवर आमसुलं वाळत घालत बसली होती. नव्वदीला एक वर्ष कमी. सतराव्या वर्षी सून म्हणून ह्या घरात आली, आणि दुसऱ्याच दिवसापासून सासऱ्यानं तिला गल्ल्यामागं उभी केली. तिनं बाबलीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"दादूचो नातू मरे तू? नाकावयल्यान कळतां."

"आजी, दादूचा कुळदेव कोण होता?"

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकल्यातूनही ती हसतच राहिली.

"आमच्या मांवाचो नेम आसलो," ती म्हणाली. तिच्या सासऱ्याचा. "ह्या दुकानात पहिलो थेंब जमिनीक, आनी तोंडान आपल्या देवाचें नांव. नांव घेतल्याबगर कोणूच ओठाक कोप लायनासलो. त्यान कोण खंयचो ते आमकां बरोबर कळतालें."

"मग दादू कुणाचं नाव घ्यायचा?"

"जो पाजीत, तेच्या देवाचें!" म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "शिरगावच्यान पाजली, तर लईराई. हरवळेच्यान पाजली, तर रुद्रेश्वर. एकदां पोदेरान पाजली, तर हो खुरीस काडून मोकळो!"

पोदेर म्हणजे पावाच्या भट्टीवाला, ख्रिस्ती; आणि खुरीस काढणं म्हणजे छातीवर क्रूसाची खूण करणं. बाबलीच्या डोळ्यांसमोर आजोबा उभा राहिला: फुकटची फेणी, ओले ओठ, आणि दर संध्याकाळी नवा देव. त्याला वाटलं, रक्त तपासायला उगाच लोक पणजीला जातात.

"म्हणजे खरा देव त्यानं कधी घेतलाच नाही?"

चंद्रावती थांबली. आमसुलं बाजूला सारून तिनं पदराला हात पुसले.

"एकदांच. तुझो बापूस जल्मलो त्या दिसा."

त्या दिवशी दादूनं पहिल्यांदा स्वतः पाजली, सहा जणांना. सगळे हसत होते, आता ह्याला देव कुठला आठवतो बघूया. दादूनं आपला कोप, म्हणजे पेला, उचलला, बाहेर गेला, उत्तरेला तोंड केलं, आणि एक थेंब नाही, सगळाच्या सगळा कोप जमिनीवर ओतला. मग मोठ्यानं म्हणाला, "चांदेलच्या आंबेमुळी सातेरी, पोर झालां गे. तुका दाखवूंक हाडूंक ना. माका खंयच्या तोंडान येवप?"

"कुठल्या तोंडानं येऊ म्हणजे? काय केलं होतं त्यानं?" बाबलीनं विचारलं.

"कौलाक चीक लायिल्लो!"

मग तिनं सांगितलं ते असं. दादू तेव्हा वीस-बावीसचा. देवळात गावातल्या बांधाच्या भांडणाचा कौल लावायचा होता. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दादूनं आदल्या दिवशी कापलेल्या फणसाचा चीक हळूच दोन्ही पाकळ्यांना लावून ठेवला. गंमत म्हणून. पाकळी काही पडेना, आणि सकाळी बसलेला गाव दिवे लागेपर्यंत बसून राहिला. बायका घाबरल्या, म्हातारे रडायला लागले, देवी रुसली म्हणून कुणी नवसावर नवस बोलू लागले. आणि दादूला मागं बसल्या जागी हसू आवरेना. पकडला गेला तो त्या हसण्यामुळे. गावानं हाकललं नाही, नुसतं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच रात्री तो नदी उतरून निघून आला.

रेडा नव्हता. बाबलीनं मुद्दाम विचारून घेतलं. आणि चांदेल मात्र खरंच पेडण्यात निघालं.

रविवारी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत बाबली, विनिता, गौरवी. मागच्या गाडीत नितीनराव, त्यांची बायको शुभांगी आणि होणारा जावई गौरेश. ओटीचं सामान, नारळ, पत्रिका. घरात बाबलीनं कुणाला अजून काही सांगितलं नव्हतं.

सांगायची गरजही नव्हती, हेच तर अवघड होतं. पेडण्यात गावागणिक सातेरी. रस्त्यालगत एक छान देऊळ होतं, नवी फरशी, नळाला पाणी, दोनच काय, दहा गाड्या लागतील एवढी जागा. तिथं थांबलं, हात जोडले, 'हीच आमची' म्हटलं की संपलं. इतकी सोपी थाप बाबलीनं आयुष्यात वाया घालवली नव्हती.

तिठ्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बाबलीभाऊ, खंय वळवूं?"

मागच्या सीटवर गौरवी पत्रिका मांडीवर घेऊन बसली होती. आरशात ती त्याच्याकडेच बघत होती.

"चांदेल," बाबली म्हणाला. "आणि रस्ता खराब असेल, सगळ्यांनी धरून बसा."

आंब्याखालचं देऊळ लहानसं होतं. आत वारूळ, वारुळापुढं काळा पाषाण. गुरव सत्तरीचा, अंगात बनियन. त्यानं विचारलं, "कोण तुम्ही? खंयचे?"

बाबली एक पाऊल पुढं झाला. व्याही मागं उभे. "मी दादूचा नातू. कौलाला चीक लावला होता, त्या दादूचा."

गुरवानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चीकवाले?" गुरव म्हणाला. मग त्यानं चौकात आखलेली एक दगडी रेघ दाखवली. "ही तुमच्या आजोबाची. त्या दिवसापासून प्रश्न विचारणारा ह्या रेघेच्या अलीकडे बसतो. आणि पाकळी लावायच्या आधी मी ती दोन्ही अंगांनी सगळ्यांना दाखवतो. माझा बापूस शिकवून गेला. आम्ही लहानपणी विचारायचो, कोणासाठी? तो म्हणायचा, चीकवाल्यासाठी."

नितीनरावांनी शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीनं गौरेशकडे पाहिलं. विनितानं पदर तोंडावर घेतला. ती रडते की हसते ते बाबलीला कळेना.

"'पत्रिका घेशील का गे आये', असं तिलाच विचारूया," गुरव म्हणाला.

त्यानं पाकळ्या धुतल्या, दोन्ही अंगांनी सगळ्यांना दाखवल्या, बाबलीला जरा जास्तच वेळ दाखवल्या, आणि पाषाणावर लावल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"गे आये सातेरी, तुज्या लेकरान सत्तर वर्सां आदीं तुजी मस्करी केली..."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. नितीनराव सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, हे बाबलीच्या लक्षात राहिलं.

"तेचो नातू आज खरें सांगून तुज्या दारांत उबो रावला..."

"होय म्हाराजा!"

"तेच्या चेडवाची पत्रिका आपली म्हणून घे, आनी उजवें दी!"

"होय म्हाराजा!"

मग वाट बघणं. पाच मिनिटं. दहा. पाकळ्या जागच्या जागी. बाबलीच्या डोक्यात एकामागून एक विनोद येत होते, आणि तो एकेक गिळत होता. हसू आलं तर? त्यानं जीभ चावली. आजोबाला मागं बसून काय गंमत वाटली असेल, ते त्याला आता कळेना. गौरवी हात जोडून रेघेच्या अलीकडे बसली होती, तिचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबलीनं एखाद्या गोष्टीचा शेवट आपल्या हातात नसताना ती पुरी बघितली.

उजवी पाकळी सरकली. थांबली. आणि टपकन खाली पडली.

शुभांगी म्हणाली, "पडली!" इतक्या जोरात की आंब्यावरचे कावळे उडाले.

नितीनरावांनी बाबलीच्या खांद्यावर हात ठेवला. "व्याही, एक विचारू? आणखी काय काय आहे तुमच्या घराण्यात? एकदम सांगून टाका, म्हणजे लग्नात बरं पडेल."

"विहिरीतला पाखलो तेवढा खोटा आहे," बाबली म्हणाला. "बाकी चौकशी चालू आहे."

गौरवी पत्रिका घेऊन उठली. वर नुसतं श्री गणेश छापलं होतं. त्याखालची कुळदेवाची ओळ बापाच्या कृपेनं कोरी होती. तिनं पर्समधून पेन काढलं, गुडघ्यावर पत्रिका धरली आणि सावकाश लिहिलं: श्री आंबेमुळी सातेरी प्रसन्न. मग ती गुरवाच्या हातात दिली.

"उरलेल्या साडेतीनशे पत्रिकांवर कोण लिहिणार?" विनितानं विचारलं.

सगळे बाबलीकडे बघत होते.