पावलाआधीची थाप

आमच्या पोन्स गावच्या उसाच्या मळ्यावर बोम्बा, म्हणजे ढोलावरचा आमचा नाच, नाचायचा नियम एकच. नाचणारी पाऊल टाकते, मग ढोल उत्तर देतो. ढोलाने पुढे पळायचं नाही. आठवडाभर ऊस तोडणारे आम्ही गुलाम, पण रविवारी दुपारी अंगणात तेवढ्यापुरता हुकूम आमच्या पायांचा चालतो. मुख्य ढोल माझा नवरा कासिमिरो वाजवतो, आणि त्याच्यापुढे पहिलं नाचायचा मान अकरा वर्षं माझा होता.

त्या रविवारी मधेच घुसली ती लेओकादिया. मालकाने तिला दुसऱ्या मळ्यावरून आणून महिनाही झाला नव्हता. घागरा असा उडवत होती की वाटलं, जाऊन झिंज्या उपटाव्यात.

"बाल्बिना, किती टक लावून बघशील? डोळे बाहेर पडतील," शेजारची म्हातारी फेर्मिना म्हणाली. "पोरगी नाचते बरी."

"बरी कसली? नुसत्या उड्या मारतेय!"

खोटं बोलले. नाचत होती झकासच. पण माझं लक्ष ढोलाकडे गेलं. तिचं पाऊल आणि कासिमिरोची थाप एकदमच पडत होती. नवख्या पोरीची गिरकी कुठे संपणार, हे याला आधीच कसं ठाऊक? ती आल्यापासून ढोलाचं कातडं भिजवून ताणायला म्हणून हा रोज संध्याकाळी एकटा नदीवर जायचा.

शहानिशा केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी उठले, तिला खांद्याने बाजूला सारलं आणि रिवाजाप्रमाणे ढोलापुढे वाकले.

"आलीस? ये, ये," कासिमिरो हसला. "दमव बघू मला!"

मी लेओकादियाचीच चाल उचलली. घागरा डावीकडे, घागरा उजवीकडे, मग गिरकी. गिरकी संपली की ती डावी टाच आपटायची. मी टाच उचलली आणि तशीच वर धरून ठेवली.

थाप पडली.

अख्खं अंगण खो खो हसायला लागलं. "काय रे कासिमिरो," फेर्मिना ओरडली, "बायकोचं पाऊल विसरलास होय?"

तो हसला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने पाहिलं ते लेओकादियाकडे, आणि तिने मान खाली घातली. चोरी मी पकडली होती.

मी टाच जोरात जमिनीवर आपटली. तिला ढोलाने उत्तर दिलंच नाही.