पुढचं आम्ही बघू

औशाच्या बांगडीवाल्या जन्नतबीला तालुक्यातल्या बायकांची मनगटं तोंडपाठ होती. कुणाचं हाड जाड, कुणाचं काटकुळं, कुणाला बांगड्या भरताना जपावं लागतं, सगळं. म्हणूनच बायका तपासणीला आणायची गळ कुसुमताईंनी तिला घातली. ठिसूळ हाडांच्या दुखण्यावर काम करायला तीन देशांच्या आरोग्य संस्था एकत्र आल्या होत्या, आणि लातूरचा सगळा कारभार ताईंकडे होता. मनगट तपासायचं मशीन आलं. पण त्याला हात मोकळा हवा, आणि सवाष्ण बाई मोकळ्या हातानं बसते होय? मोठमोठ्या साहेबांच्या हे गावीही नव्हतं.

जन्नतबीनं एकेकीची समजूत काढली. बांगड्या अलगद उतरवल्या, हात रिकामा दिसू नये म्हणून हळदीचा दोरा बांधला. गंगम्मा सगळ्यांत हट्टी. भूकंपात तिचं घर गेलं, दोन लेकरं गेली. नवरा रेवणप्पा तेवढा वाचला.

"त्याच्या नावाच्या हायत. न्हाई काढणार," ती म्हणाली. "आन् हाड कच्चं निघालं तर गोळी कोण देणार?"

जन्नतबीनं ताईंकडं पाहिलं.

"पुढचं आम्ही बघू," ताई म्हणाल्या.

बस्स. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ताईंनी आणि जन्नतबीनं महिनाभर एका ताटात खाऊन बायकांचं केलं होतं. त्या बाईच्या शब्दावर शंका कोण घेणार? गंगम्मानं हात पुढे केला. हाड अगदीच ठिसूळ निघालं.

वर्ष गेलं, गोळी काही आली नाही. गंगम्मा उंबऱ्यावर नुसती घसरली आणि खुबा मोडून खाटेला खिळली. जन्नतबी तडक लातूरला निघाली. क्लासच्या गल्लीत, पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंमागे लपलेली संस्थेची कचेरी शोधताना तिची दमछाक झाली.

"बरं झालं आलीस," कुसुमताई म्हणाल्या. "साहेब येताहेत. त्याच बायका पुन्हा आण. वर्षभरात कुणाचं काय मोडलं, ते बघायचंय."

"आन् गोळ्या?"

"गोळ्या रेणापूरच्या बायकांना. औशात नुसतं बघायचं. दोन्हीकडं दिल्या तर गोळीचा गुण कसा कळणार? कागदावर होतं गं सगळं. आणि मी बघू म्हणाले होते, देऊ म्हणाले नव्हते."

जन्नतबीला आधी कळेचना. मग उमगलं. केसानं गळा कापला होता, तोही साध्या सरळ मराठीत.

टेबलावर रेणापूरची यादी पडली होती. पहिल्याच पानावर ओळखीचं नाव दिसलं.

"ताई, ह्या तुमच्या आई ना? त्या तर औशात ऱ्हात्यात. आमच्या गल्लीमागं."

कुसुमताईंनी यादी पालथी घातली.

"आई आहे गं माझी."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हिला! जन्नतबीचा आवाज चिरकला. "मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर आणल्या असत्यास बायका?"

"न्हाई."

"मग?"

"गंगम्माचा खुबा मोडलाय," जन्नतबी म्हणाली. "ती तुम्हाला न्हाई, मला इचारती. काय सांगू तिला?"

कुसुमताईंनी पेन उघडलं, कोरा फॉर्म पुढे ओढला.

"नक्की कधी पडली ती?"

आणि ताई विचारतील ते सांगायच्या इतक्या वर्षांच्या सवयीनं जन्नतबीच्या तोंडून तारीख निघून गेली. ताईंनी ती लिहूनही घेतली. त्या क्षणी जन्नतबीला ताईंपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.