भरून ठेवलेली बॅटरी

१४ मार्च २०१५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे, विद्युत घट (सेल) २४०, सर्व उत्तम. कारखान्यातील अखेरच्या तपासणीनंतर ही चिठ्ठी माझ्या दारावर चिकटवण्यात आली. मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. खिशात मावणारी नव्हे. तीन कपाटे शेजारीशेजारी उभी करावीत, एवढा माझा विस्तार आहे.

एका रुग्णालयाच्या मागील अंगणात मला बसवले. गच्चीवरील सौर पट्ट्यांनी दुपारी केलेली वीज मी पोटात घ्यावी आणि संध्याकाळी परत द्यावी, असे माझे काम ठरले होते. गावाला वीज येई ती कोळशाच्या केंद्रातून. दिवेलागणीला घरोघरी दिवे-पंखे सुरू झाले की ती पुरत नसे, आणि सहा ते दहा भारनियमन होई. डिझेलचे जनित्र शस्त्रक्रियागृहापुरतेच होते. त्यामुळे डायलिसिसची, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याची, संध्याकाळची पाळी बंद असे.

माझी देखभाल फोरमनकाकांकडे आली. त्यांची उभी हयात वीजकेंद्राच्या कोळसा यार्डात गेली होती. एकदा कोळशाची गाडी वेळेवर आली नाही, ढीग तळाला गेला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सारे केंद्र थंड पडले. तेव्हापासून साठा उतरताना दिसला की ते तो वापरणेच थांबवीत.

मला बसवणाऱ्या अभियंता बाईंनी बजावले होते, "काका, हिला रोज भरा आणि रोज वापरा. तळाशी वीस टक्के राहिले म्हणजे झालं."

काकांनी यातले अर्धेच मनावर घेतले. मी शंभर टक्के भरताच त्यांनी कळ बंद केली आणि वर पाटी अडकवली: 'राखीव. हात लावू नये.'

"राखीव कशासाठी हो?" परिचारिकेने विचारले.

"संकटासाठी."

"मग रोज संध्याकाळी अंधारात बसतो, तो काय वाढदिवस असतो आमचा?"

वॉर्डात त्यांचे नाव 'साठेबाज' पडले. काकांनी ते कौतुक मानले.

माझी स्थिती मात्र अवघड झाली. भरल्या पोटी मला आणखी घेता येईना, आणि गच्चीवरचे बरेचसे ऊन वाया जाऊ लागले. शिवाय उकाड्यात सतत तुडुंब भरून राहणे आमच्या घटांना मानवत नाही. बसल्या जागी आम्ही म्हातारे होतो. दोन वर्षांनीही पाहुणे म्हणत, "वा, अजून नवी कोरी!" ते ऐकून मला लाज वाटे.

काकांच्या थोरल्या बहिणीला डायलिसिस लागे. दिवसाच्या पाळ्या भरलेल्या, म्हणून आठवड्यातून तीनदा तिला बसने दूरच्या शहरात जावे लागे. एका दुपारी ती भावाला शोधत थेट माझ्यापाशी आली आणि पायरीवर टेकली.

"उद्यापासून मी जाणार नाही."

"असं कसं, ताई? नाही गेलीस तर..."

"तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय मला. पण परतताना बसमध्येच अर्धा जीव जातो रे. बाबू, हिच्यात काय आहे?"

"वीज."

"आणि ती कधी काढणार? का लोणचं घातलंयस तिचं?"

"संपली तर? यार्डात ढीग संपला की नवा कधी येईल, ते आपल्या हातात नसायचं."

"तू यार्डात नाहीस आता. मान वर करून बघ जरा!"

काकांनी मान वर केली. गच्चीवरच्या उन्हाने डोळे दिपून त्यांना खाली पाहावे लागले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चार यंत्रे माझ्यावर सुरू झाली. ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. काका माझ्यासमोर स्टूल टाकून बसले. माझ्या काचेवरचा आकडा नव्वदवर आला, मग बहात्तरवर. पन्नास दिसताच त्यांचा हात नकळत कळीकडे गेला.

"काका!" परिचारिका खिडकीतून ओरडली. "ताई म्हणतायत, कळीला हात लावलात तर सुया काढून खाली येईन!"

हात मागे गेला. मी मात्र निर्धास्त होते. माझा आवाका मला ठाऊक होता. दहा वाजता बाहेरची वीज परतली, तेव्हा माझ्यात एकेचाळीस टक्के शिल्लक होते. ताई भावाच्या हाताला धरून चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ऊन कलण्याआधी मी पुन्हा काठोकाठ भरले. काकांनी काच रुमालाने पुसून आकडा पुन्हा वाचला, आणि पाटी स्वतः उतरवली.

मित्रांनो, गावात आजही बहुतेक वीज कोळशाचीच येते आणि संध्याकाळी कमी पडते. पण आता पाणीपुरवठ्याच्या आवारातही माझी एक धाकटी बहीण कामाला लागली आहे. माझी ताकद पाचव्या हिश्श्याने घटली असली, तरी चार यंत्रांना मी पुरून उरते. तुमच्या आसपास माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला सावली द्या, हवेच्या जाळीवरची धूळ झटका, आणि जपण्याच्या नावाखाली तिला रिकामी बसवू नका. आम्हाला कामच मानवते.

माझ्यावर आजवर पूर्ण झालेली डायलिसिसे दहा हजार तीनशे अडुसष्ट. अर्धवट थांबलेले एकही नाही.